कॉर्नेलियाची आई

(सव, ता. महाड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्याविषयी संयोजकांनी मला दोन गोष्टी कळवल्या. त्या आयुष्यभर शिक्षिका होत्या आणि देवावर त्यांचा गाढ विश्वास होता. त्यांचे गुण गाण्याचा अधिकार त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचा, माझा नाही. म्हणून मी त्यांच्याच जातकुळीतली दुसरी एक बाई निवडली आहे. नाव फ्रान्सिना सोराबजी. नाव फारसे कुणी ऐकलेले नसणार. कॉर्नेलिया सोराबजी म्हटले की मात्र चार-दोन माना हलतात. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर, ऑक्सफर्डात कायदा शिकणारी पहिली स्त्री. फ्रान्सिनाबाई या तिच्या आई. आज एवढीच त्यांची ओळख उरली आहे, आणि ती मला अपुरी वाटते.

बाईंचा जन्म १८३३च्या सुमारासचा. जन्मनाव सांत्या. बारा वर्षांच्या असताना लष्करी अधिकारी सर फ्रान्सिस फोर्ड आणि त्यांची पत्नी लेडी कॉर्नेलिया मारिया डार्लिंग फोर्ड यांनी त्यांना दत्तक घेतले आणि सांत्याची फ्रान्सिना फोर्ड झाली. पुढे आपल्या एका मुलीला त्यांनी याच लेडी फोर्डचे नाव दिले, त्यावरून त्या घराविषयी त्यांच्या मनात काय होते ते कळते. पण बारा वर्षांचे वय काही पाळण्यातले नव्हे. त्या वयात मुलीला घर, अंगण, आईची हाक सगळे कळत असते. हे सगळे पुसून तिथे प्रार्थना, बायबल, इंग्रजी आणि घड्याळ आले. जन्मदात्या घराचा धागा पुढच्या हकिकतीत जवळजवळ कुठे दिसत नाही. पुढच्या सगळ्या तेजापेक्षा मला ही जागा जास्त अस्वस्थ करते. फोर्ड दांपत्याने तिला प्रेम दिले यात शंका नको. तरी प्रेमानेही माणसाचे मूळ झाकले जाते, हे आपण मान्य करायला हवे.

१८५३ साली त्यांचे लग्न सोराबजी खर्शेदजी लांगराणा यांच्याशी झाले. हे गृहस्थ मूळचे मुंबईचे पारशी, धर्मांतर करून ख्रिस्ती झालेले. त्या काळी पारशाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, हे समजायला १८३९ सालाकडे जावे लागते. मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, समाज खवळला आणि पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सोराबजी ख्रिस्ती झाले. त्यांना होडीत घालून समुद्रात सोडून दिले होते, अशी हकिकत या घराण्यात सांगितली जाई. एकीचे मूळ पुसलेले, दुसऱ्याला मुळांनीच टाकलेले. या दोघांना गोतावळा असा नव्हता, तो त्यांनी शून्यातून उभा केला.

इथे थोडे आडवळण घेतो. ख्रिस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच ठोकळा येतो. पण त्या दशकात पुणे-मुंबईच्या छावण्यांत किती पंथ फिरत होते पाहा. मॉर्मन पंथाचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथने स्थापन केलेला हा पंथ १८४७पासून युटाच्या वाळवंटी प्रदेशात वसला. त्या पंथाचा एक स्कॉटिश प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ साली मुंबईत उतरला. पुण्याच्या छावणीत त्याने गोऱ्या शिपायांत लहानशी मंडळी जमवली आणि खास मराठ्यांसाठी म्हणून एक पुस्तिकाही काढली. मराठी माणसांनी त्याला दाद दिली नाही. पण मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर आणि तिचा लष्करी नवरा विल्यम टेट हे दोघे मॉर्मन झाले. नवरा आधी अमेरिकेला गेला. मागाहून ही बाई तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडमार्गे निघाली. मुलगी वाटेतच दगावली. १८५६ साली हातगाड्या ओढत युटाकडे निघालेल्या विली तांड्याबरोबर ती होती. त्या तांड्याला वायोमिंगच्या डोंगराळ मुलखात बर्फाने गाठले, साठाहून अधिक माणसे गेली. ही वाचली, युटातल्या सीडर सिटीत संसार मांडला आणि तिथल्या एका मोठ्या कुटुंबाची मूळ आजी ठरली. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या बाईने बर्फातली ती वाट काय बळावर काढली असेल, याला श्रद्धा सोडून दुसरे उत्तर मला सुचत नाही.

एलिझाबेथ आणि फ्रान्सिना साधारण एकाच वयाच्या. एक श्रद्धेपायी देश सोडून गेली. दुसरीने इथेच राहून श्रद्धेला कामाला लावले. आता आपल्या बाईंकडे परत येऊ.

सोराबजी चर्च मिशनरी सोसायटीच्या कामात होते, त्यामुळे संसाराची सुरुवातीची वर्षे नाशिककडे गेली. नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत १८५४ साली वसली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तिथे आसरा आणि शिक्षण मिळे. लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या अखेरच्या प्रवासात नाशिकच्या या शाळेतले तरुण होते, हे आपल्याकडे अजून फारसे कुणाला ठाऊक नाही. अशा मिश्र वस्तीत सोराबजींची मुले जन्मली. कॉर्नेलियाचा जन्म नाशिकचाच, १५ नोव्हेंबर १८६६चा. दोन मुलगे तान्हेपणीच गेले. एक मुलगा वाचला. बाकी सगळ्या मुली. पुढे काही काळ बेळगाव आणि मग पुणे.

मुलींची रांग लागली की त्या काळी शेजारीपाजारी आईची कीव करीत. आजही करतात, फक्त आवाज खाली आणून. फ्रान्सिनाबाईंनी मुलींकडे ओझे म्हणून पाहिले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा हिशेब साधा होता. देशात मुलींना शिकवायला, बायकांना औषध द्यायला, बायकांची बाजू मांडायला बायकाच लागणार, आणि त्या देवाने आपल्या घरात आयत्याच पाठवल्या आहेत.

१८७६ साली त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. मुलगे आणि मुली एकत्र, आणि पारशी, हिंदू, मुसलमान, ज्यू, युरोपीय, ख्रिस्ती एकाच वर्गात. आज हे वाक्य आपण सहज ऐकतो. त्या वेळी त्यात काय होते, ते महाडच्या माणसांना समजावून सांगायची गरज नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि सरकार, मिशनरी, वर्तमानपत्रे सगळीकडे त्याची चर्चा झाली. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला, जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ला त्या पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा ठराव आणि हातातली ओंजळ यांत किती अंतर असते ते या तालुक्याने पाहिले आहे. फ्रान्सिनाबाईंच्या मागे सरकारी ठराव नव्हता. त्यांनी वर्ग भरवला, इतकेच.

इंग्रजी शाळेखेरीज त्यांनी मराठी, गुजराती आणि उर्दू शाळाही चालवल्या. मला त्यांच्या कामाचे मर्म इथे दिसते. मुलांच्या आधी त्यांची भाषा शाळेत आली पाहिजे, हे ओळखणारी बाई स्वतः मात्र इंग्रजीत वाढलेली होती. तरी एक गोष्ट खुलेपणाने बोलू. व्हिक्टोरिया हायस्कूलचे बाक एकमेकांना लागून होते खरे, पण ते मुख्यतः इंग्रजी शिकवायची ऐपत आणि इच्छा असलेल्या घरांसाठी होते. धर्माची भिंत त्यांनी खाली आणली, पण पैशाच्या भिंतीला त्या सगळ्या शाळांमध्ये सारखा हात लागला असे म्हणवत नाही. हा काही त्यांच्या एकटीचा दोष नाही. पुण्यातली जवळजवळ सगळी इंग्रजी शिक्षणाची चळवळ या भिंतीशी अडखळली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांनी पहिला घाव तिथेच घातला होता.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीराव फुल्यांचे त्यापुढचे निवेदन आपण पाठ्यपुस्तकातून वाचतो. पंडिता रमाबाईंची पुण्यातली साक्ष प्रसिद्धच आहे. मुलींना शिकवायला स्त्रीशिक्षक हवेत आणि बायकांना स्त्रीडॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे ठामपणे सांगितले. मुंबई इलाख्याच्या त्या साक्षींमध्ये फ्रान्सिनाबाईंचीही साक्ष आहे. एक माळी समाजातला सुधारक, एक शास्त्र शिकलेली ब्राह्मण विधवा आणि एक ख्रिस्ती शिक्षिका. एकाच शहरातून तिघे तिन्ही बाजूंनी तेच सांगत होते, आणि लोकमान्य टिळकांसारखा माणूस पुढे हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेविरोधात लिहीत होता. पुणे हे असेच शहर आहे. १८८६ साली बाई शाळेसाठी निधी जमवायला इंग्लंडला गेल्या. पन्नाशी ओलांडलेली, घर मागे ठेवून समुद्र ओलांडणारी शिक्षिका. तिथल्या सभांतून त्या बोलल्या.

आता घरात जाऊ, कारण खरी शाळा तिथे होती. कॉर्नेलियाने आपल्या आठवणी १९३४ साली छापल्या आणि त्याआधी १९२४मध्ये आईवडिलांवर एक पुस्तक लिहिले. त्यांतून घर दिसते. जेवायला टेबल-खुर्ची, वेळेला वेळ, वाचायला इंग्रजी पुस्तके आणि अंगावर पारशी धाटणीची साडी. मुलांना देशी भाषा येत आणि आईच्या दाराशी येणाऱ्या माणसांतून देशही येई.

एक प्रसंग कॉर्नेलियाने मन लावून सांगितला आहे. एक गुजराती विधवा बाई त्यांच्याकडे आली. श्रीमंत घरची, मालमत्ता असलेली, पण सगळा व्यवहार कारभाऱ्याच्या हाती. त्याने कागदावर सही मागितली. तिने विश्वासाने दिली. त्या सहीपायी मालमत्ता हातची गेली. पडद्यातल्या बाईने पुरुष वकिलापुढे जायचे कसे आणि बोलायचे कसे? ती आपले दुःख सांगायला एका शाळेच्या बाईकडे आली. लहान कॉर्नेलिया तिथेच होती. ती बाई गेल्यावर आईने मुलीला समजावले की अशा बायका या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांना मदत करावीशी वाटत असेल तर कायदा शिकावा लागेल. आईने विधवेसाठी दोन अश्रू ढाळून विषय संपवला नाही. तिने समोरच्या मुलीपुढे एक काम ठेवले. पुढची सगळी कॉर्नेलिया या प्रसंगातून निघाली.

तो मार्ग किती काट्यांचा होता! कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात गेली, पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती गुणांवर तिला मिळायला हवी होती, ती मुलगी म्हणून नाकारली गेली. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तिने मुलग्यांना शिकवले. मग इंग्लंडमधल्या लेडी हॉबहाऊससारख्या मंडळींनी पैसे जमवले, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यात हातभार लावला, आणि १८८९मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला गेली. १८९२ साली तिने कायद्याची परीक्षा दिली. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नव्हते. ती पदवी तिच्या हातात पडली १९२२मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. भारतात स्त्रियांना वकिलीची दारे १९२३च्या कायद्याने उघडली. तोवर १९०४पासून ती कोर्ट ऑफ वॉर्ड्सची कायदेसल्लागार म्हणून बंगाल, बिहार, ओरिसा, आसामातल्या पडद्यातल्या बायकांची बाजू मांडत हिंडत होती. म्हणजे आईच्या दाराशी आलेल्या त्या विधवेचेच काम.

बाकीच्या मुलींचे थोडक्यात सांगतो. सुसी आईच्या शिक्षणाच्या वाटेने गेली. पुण्याचे सेंट हेलेना स्कूल तिचे. धाकटी अॅलिस लंडनला डॉक्टर झाली आणि मिशनरी डॉक्टर थिओडोर पेनेल यांच्याशी लग्न करून आजच्या पाकिस्तानातल्या बन्नूच्या दवाखान्यात गेली. एकुलता वाचलेला मुलगा रिचर्ड बॅरिस्टर झाला. त्याचा मुलगा, तोही रिचर्ड सोराबजीच, लंडनच्या किंग्ज कॉलेजात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला आणि त्याने २०१०मध्ये आत्याचे चरित्र लिहिले. रमाबाईंनी हंटरपुढे शिक्षिका आणि डॉक्टर मागितल्या होत्या. फ्रान्सिनाबाईंच्या एका घरातून शिक्षिका, डॉक्टर आणि वकील निघाल्या.

ही बाजू उजळ आहे, म्हणून दुसरीकडे डोळेझाक नको. या घराचा इंग्रजी राज्यावर विश्वास होता, आणि तो निव्वळ सोयीचा नव्हता. त्यांना खरेच वाटे की हे राज्य देवाच्या योजनेतले आहे. त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते, कारण समाजाने टाकलेल्या बापाला आणि दत्तक घेतलेल्या आईला आसरा तिथेच मिळाला होता. पण मुलीपर्यंत येता येता हा विश्वास हट्टाला पोहोचला. कॉर्नेलियाने गांधींच्या चळवळीला विरोध केला, कॅथरीन मेयोच्या भारताला नावे ठेवणाऱ्या १९२७च्या पुस्तकाची बाजू घेतली आणि आपल्याच लोकांत एकटी पडली. आईने देशाची दुःखे दाखवली, पण त्या दुःखांवर देशच उपाय शोधू शकतो हे या घरात शिकवले गेले नाही. मला ही फ्रान्सिनाबाईंच्या शिकवणुकीची मर्यादा वाटते. त्याच वर्षी, डिसेंबर १९२७मध्ये, इथे महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायकांशी बोलत होते. साडी नीट नेसा, राहणी बदला, मुलींना शाळेत पाठवा. तो सल्ला आणि फ्रान्सिनाबाईंचा सल्ला यांत शब्दांचा फारसा फरक नव्हता. फरक होता तो उपाय कोणी करायचा यात. फ्रान्सिनाबाईंना वाटे, चांगली माणसे वरून मदत करतील. बाबासाहेबांनी सांगितले, तुम्हीच करा.

बाबासाहेबांच्या घराण्यातही शिक्षण लष्करी शाळांतून आले हे तुम्हाला माहीत आहे. रामजी सुभेदार अशा शाळेचे हेडमास्तर होते आणि त्या शाळांत शिपायांच्या मुलींनाही शिकवत. याच तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर निवृत्त शिपाई, भक्तिमार्गी आणि १८८८मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे. म्हणजे देवभक्ती आणि शाळा यांची सांगड पुण्यात बंगल्यात पडत होती, तेव्हा ती तुमच्या डोंगरातही पडत होती.

१८९४ साली सोराबजी वारले. बाई नंतर सोळा वर्षे जगल्या, अखेरचा काळ नाशिकला गेला आणि १९१० साली तिथेच त्यांचे निधन झाले. जिथे संसार मांडला तिथेच. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांच्या श्रद्धेला मी देवाचा शब्द वापरून मोठे करणार नाही. रोज वर्ग भरवणे, फी न देणाऱ्याला घालवून न देणे, दाराशी आलेल्या बाईचे बोलणे पूर्ण ऐकणे, हीच प्रार्थना अशी श्रद्धाळू माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. फ्रान्सिनाबाई त्या वर्गातल्या होत्या.

पण त्या आपल्यापर्यंत आल्या कशा, ते पाहा. मुलगी लेखिका निघाली म्हणून. कॉर्नेलियाने पुस्तके लिहिली नसती तर सांत्या, फ्रान्सिना, व्हिक्टोरिया हायस्कूल हे सगळे एखाद्या सरकारी अहवालातली ओळ होऊन राहिले असते. आणि मुलीने लिहिलेलेही मुलीचेच आहे. त्यात आई दिसते, पण त्या वर्गात बसलेल्या मराठी, गुजराती, उर्दू शाळेतल्या मुलींचा आवाज आत येत नाही. कुणीतरी तो तेव्हा टिपायला हवा होता.

म्हणून शेवटी एक मागणे. या पंचक्रोशीत वाडीवाडीवर शिकवलेल्या, खाडीतून, डोंगरातून चालत गेलेल्या शिक्षिका अजून हयात आहेत. जुलै २०२१च्या पुरात महाडच्या घराघरांतली कागदपत्रे चिखलात गेली, तळियेत आणि पोलादपूरकडे दरडींनी वाड्याच नेल्या. त्यातून वाचलेली शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, हजेरीपट, गटसंमेलनांचे फोटो तुमच्याकडे असतील. पावसाळ्याआधी ते पोटमाळ्यावर चढवा. मोबाइलवर त्यांच्या पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. ज्या बाईंनी तुम्हाला मुळाक्षरे शिकवली त्या जिवंत असतील, तर या रविवारी त्यांच्याकडे जा, त्यांच्या वर्गात कोण कोण बसत होते ते त्यांच्या तोंडून ऐका आणि लिहून काढा. संयोजकांनी मान्य केले तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून ती पाने वाचून दाखवावीत, अशी माझी विनंती आहे.